शिडाच्या युद्धनौकेचं लाकडी मॉडेल: नाळेशी पट्ट्या का चढतात, आणि त्याआधीचं बरंच काही

प्रश्न थोडक्यात असा आहे: साध्या होड्यांची दोन-तीन किटं करून झाली आहेत. आता 'व्हिक्टरी'सारखी मोठी, तोफांची, शिडाची युद्धनौका बारकाव्यांसकट लाकडात उभी करायची आहे. किट घ्यावं की नकाशावरून बांधावं? लाकूड कोणतं? आणि मुख्य म्हणजे नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, बाहेरच्या लाकडी पट्ट्या मुरडतात, एकमेकींवर चढतात, ते कसं थांबवायचं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, कारण असं मॉडेल जमतं किंवा फसतं ते तिथेच. तोफा, दोर, कोरीव काम यांकडे नंतर कितीही लक्ष दिलं तरी हलचा, म्हणजे जहाजाच्या धडाचा, आकार बिघडलेला असेल तर पाहणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं, मग त्याला जहाजातलं काही कळो न कळो. म्हणून या उत्तरात हलवर जास्त वेळ घालवणार आहे आणि रंग, कोरीवकाम वगैरे पटकन उरकणार आहे.

आधी जहाजाची निवड. 'व्हिक्टरी' सगळ्यांनाच करावीशी वाटते. १७६५ साली पाण्यात उतरलेलं, ट्रॅफल्गारच्या लढाईत (१८०५) ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं निशाण ज्यावर होतं ते १०४ तोफांचं जहाज, आणि आजही पोर्ट्समथला उभं आहे. पण १०४ तोफा म्हणजे तीन मजले. त्यातल्या खालच्या मजल्यांवरच्या तोफांचं फक्त तोंड झरोक्यातून बाहेर दिसतं. गाडा, चाकं, दोर, कप्प्या हे सगळं डेकखाली झाकलं जातं. तेच काम पुन्हा पुन्हा करायचं आणि ते दिसायचंही नाही, याने बरीच मॉडेलं अर्धवट राहतात. तुमच्या जागी मी फ्रिगेट, म्हणजे त्याहून लहान युद्धनौका, घेईन. मुख्य तोफा एकाच मजल्यावर, आणि वरचा डेक मधोमध उघडा असल्यामुळे त्यातल्या बऱ्याच तोफा वरून दिसतात. 'ट्रिंकोमाली' हे सुंदर उदाहरण आहे. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं हे जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जतन केलेलं आहे. बोस्टनचं 'कॉन्स्टिट्यूशन' (१७९७) हे आकाराने जरा मोठं, पण त्याच धाटणीचं. मूळ जहाज आजही उभं असलं की एक मोठी सोय होते: नकाशात न उलगडणारी गोष्ट छायाचित्रात सापडते.

पण छायाचित्रावर डोळे झाकून विसंबू नका. जहाज ठरवताना सालही ठरवावं लागतं. १७६५ ची 'व्हिक्टरी' आणि १८०५ ची 'व्हिक्टरी' ही मॉडेलच्या दृष्टीने दोन वेगळी जहाजं आहेत. १७८० मध्ये तिच्या तळाला तांब्याचे पत्रे लागले. पुढे १८०० ते १८०३ च्या मोठ्या दुरुस्तीत पिछाडीचे उघडे सज्जे जाऊन तिथे बंद खिडक्यांची भिंत आली, नाळेवरची भरगच्च मूर्ती जाऊन साधी मूर्ती आली. 'ट्रिंकोमाली'ची पिछाडीही १८४० च्या दशकात बदलली. म्हणजे एका सालची पिछाडी आणि दुसऱ्या सालची नाळ असं जहाज कधी कुठल्या समुद्रावर नव्हतंच. साल एका कागदावर लिहून भिंतीला लावा आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्याला विचारून घ्या.

रंगाच्या बाबतीत तर संशोधन चालूच असतं. स्वीडनचं 'वासा' १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालं आणि १९६१ साली वर काढलं गेलं. बरीच वर्षं समजूत अशी होती की त्याच्या मूर्ती निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी होत्या. नंतर रंगकणांच्या अभ्यासातून पार्श्वभूमी लाल आणि मूर्ती भडक रंगीबेरंगी असल्याचं समोर आलं. 'व्हिक्टरी'चा पिवळाही रंगाच्या थरांच्या तपासणीनंतर २०१५ मध्ये बदलून फिकट केला गेला. खोक्यावरच्या चित्रातले रंग म्हणजे त्या चित्रकाराचा अंदाज असतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

किट की नकाशा? तुमच्या टप्प्यावर किट घ्या, पण नकाशे सोबत ठेवा. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश जहाजांचे मूळ नकाशे मोठ्या संख्येने ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे आहेत आणि त्यांच्या प्रती मिळतात. एका जहाजाचे किमान तीन आराखडे असतात: बाजूचा, वरून दिसणारा अर्ध्या रुंदीचा, आणि आडव्या छेदांचा. किटच्या बल्कहेडच्या (हलला आतून आकार देणाऱ्या आडव्या) पाट्या या छेदांच्या आकारावर ठेवून पाहा. पाटी नकाशापेक्षा लहान असेल तर कडेला लाकूड चिकटवून वाढवता येते, मोठी असेल तर तासता येते. एक संध्याकाळ यात घालवली तर किट बनवणाऱ्याने केलेली चूक तुमच्या मॉडेलमध्ये उतरत नाही.

आता प्रमाण, कारण 'बारकावे' हा सगळा प्रमाणाचाच प्रश्न आहे. जुने नकाशे १:४८ ला काढलेले असत. १:६४ हे घरात मावणारं आणि तरी तपशील दाखवणारं प्रमाण आहे. १:९६ ला जहाज आटोपशीर होतं, पण दोऱ्याच्या कामाला भिंग लागतं. कुठलाही भाग बसवण्याआधी त्याचा खरा आकार काढा आणि भागाकार करा. डेकची फळी साधारण १० इंच रुंद, म्हणजे १:६४ ला ४ मिलिमीटर. लांबी २४ फूट धरली तर ११४ मिलिमीटर. फळ्या ठोकायच्या लाकडी खुंट्या साधारण दीड इंच जाडीच्या, म्हणजे ०.६ मिलिमीटर. किटमधल्या सूचनांप्रमाणे १ मिलिमीटरच्या गडद खुंट्या सगळ्या डेकवर ठोकल्या तर खऱ्या जहाजावर त्या अडीच इंचांच्या झाल्या, आणि डेकला गोवर आल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात खुंटीचा रंग फळीच्या जवळपास असे. अर्ध्या हातावरून पाहिल्यावर जेमतेम दिसतील अशाच त्या ठेवा. जे प्रमाणात करता येत नाही ते सोडून द्यावं, हे माझं ठाम मत आहे. दहा गोष्टी प्रमाणात असलेलं मॉडेल शंभर जाडजूड भागांच्या मॉडेलपेक्षा जास्त बारीक वाटतं.

आता हल. दोन पद्धती आहेत. एकात मधोमध उभी पाटी असते आणि तिच्या खाचांत आडव्या बल्कहेडच्या पाट्या बसतात. दुसऱ्यात खऱ्या जहाजासारख्या लाकडी फ्रेम एकेक जोडून सांगाडा करतात. सतराव्या शतकातली ब्रिटिश नौदलाची मॉडेलं दुसऱ्या पद्धतीच्या जवळची आहेत, आणि खालचा भाग पट्ट्यांशिवाय उघडा ठेवल्यामुळे त्यांचा सांगाडा आजही पाहता येतो. ती पद्धत शिकण्यासारखी आहे, पण या पहिल्या युद्धनौकेला बल्कहेडचीच पद्धत बरी.

सांगाडा जोडताना पहिली गोष्ट: मधली पाटी सरळ आहे का ते पाहा. प्लायवूड दमट हवेत वाकतं. सरळ पट्टी लावून तपासा. वाक असेल तर ओलं करून वजनाखाली वाळू द्या, नाहीतर बदला. वाकलेल्या पाटीवर उभं केलेलं जहाज नंतर कशानेही सरळ होत नाही. बल्कहेड बसवताना प्रत्येक पाटीला गुण्या लावा आणि दोन पाट्यांच्या मध्ये मापाचे ठोकळे चिकटवा, म्हणजे पुढे पट्ट्या ओढल्या तरी सांगाडा पिळणार नाही. नाळेशी पहिल्या बल्कहेडच्या पुढे आणि पिछाडीला शेवटच्याच्या मागे मऊ लाकडाचे ठोकळे भरून तासून घ्या. किटमध्ये दिले नसले तरी भराच. नाहीतर नाळेशी पट्टीला टेकायला जागाच नसते, आणि पट्ट्या चढण्याच्या तक्रारीचं एक कारण हेच आहे.

कीलच्या, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याच्या, दोन्ही बाजूंना, पहिली पट्टी जिथे बसते तिथे, खाच लागते. ती नाळेच्या खांबावरून वर चढत जाते. बऱ्याच किटमध्ये ती कोरलेली नसते, तुम्हाला कोरावी लागते. खाच नसेल तर पट्टीचं टोक कीलवर चढून बसतं आणि तिथे जाडी दिसते. मधल्या पाटीचा खालचा भागही कीलकडे जाताना पातळ करत न्यायचा, नाहीतर पिछाडीकडे दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मिळून सुकाणूच्या खांबापेक्षा जाड होतात.

मग घासणं. बल्कहेडच्या कडा सरळ कापलेल्या असतात, पण नाळेकडे आणि पिछाडीकडे त्या तिरक्या व्हायला हव्यात, म्हणजे पट्टी संपूर्ण कडेवर टेकेल. लांब, किंचित लवचीक पट्टीला पॉलिश पेपर चिकटवा आणि एका वेळी निदान तीन बल्कहेडवरून फिरवा. लहान ठोकळ्याने एकेक कड घासू नका. प्रत्येक कड स्वतंत्रपणे बरोबर होते आणि सगळ्या मिळून लाट तयार होते. तपासायला एक पट्टी हातात धरून सांगाड्यावर वेगवेगळ्या तिरक्या रेषांत टेकवा. कुठे ती एखाद्या कडेवरून उचलली जाते, कुठे मध्ये पोकळी राहते, ते लगेच कळतं. पोकळीत पातळ काप चिकटवा, उंचवटा घासा. दिवा बाजूने, खालच्या कोनात ठेवा. समोरच्या उजेडात जे लपतं ते तिरक्या उजेडात सावली टाकतं. हे काम कंटाळवाणं आहे, आणि इथे घातलेला प्रत्येक तास पुढे भरून निघतो.

आता पट्ट्या. त्या एकमेकींवर का चढतात? पट्टी जाडीच्या दिशेने सहज वाकते, रुंदीच्या दिशेने वाकायला तयार नसते. जहाजाच्या पोटावरून नाळेकडे जाताना, तिला मोकळं सोडलं तर ती आपोआप वरच्या बाजूला धावते. तुम्ही तिला खाली, शेजारच्या पट्टीला चिकटवून ओढता. त्या वेळी तिची एक कड सांगाड्यावर टेकते आणि दुसरी उचलली जाते. चढणं म्हणतो ते हेच. पिना ठोकून, पकडून ती दाबता येते, पण ताण आत राहतो आणि गोंद सुकल्यावर पायरी दिसते. उपाय दोनच: पट्टीची रुंदी प्रत्येक ठिकाणी तिथल्या जागेप्रमाणे कमी करायची, आणि तिला रुंदीच्या दिशेने आधीच वाकवून घ्यायचं.

रुंदी काढायची रीत अशी. सगळ्यात आधी वरची रेषा ठरवा. युद्धनौकेच्या बाजूला जाड फळ्यांचा एक पट्टा असतो, त्याची खालची कड नकाशावरून प्रत्येक बल्कहेडवर खूण करा आणि पातळ पट्टी लावून ती रेषा गुळगुळीत करा. त्या रेषेपासून कीलच्या खाचेपर्यंतचं अंतर, वक्रतेला धरून, कागदाच्या अरुंद पट्टीने प्रत्येक बल्कहेडवर मोजा. समजा मधल्या बल्कहेडवर ते १२० मिलिमीटर आहे आणि तुमची पट्टी ५ मिलिमीटरची आहे. म्हणजे २४ पट्ट्या. नाळेजवळच्या बल्कहेडवर तेच अंतर ६६ मिलिमीटर भरलं, तर प्रत्येक पट्टी तिथे २.७५ मिलिमीटरची हवी. असा हिशेब प्रत्येक बल्कहेडचा करा, त्या रुंदीच्या खुणा पट्टीवर टाका आणि खुणा जोडून रंध्याने किंवा सुरीने निमुळती करा.

पट्टी मूळ रुंदीच्या निम्म्याहून अरुंद करू नये. वरच्या उदाहरणात नाळेशी अंतर ५४ मिलिमीटर निघालं असतं तर वाट्याला २.२५ आले असते, म्हणजे निम्म्याहून कमी. अशा वेळी दोन-तीन पट्ट्या नाळेपर्यंत न नेता अलीकडेच संपवतात आणि शेजारच्या रुंद पट्टीत खाच करून तिचं टोक त्यात बसवतात. खऱ्या जहाजांवरही असंच होतं, कारण सुईसारख्या टोकात खिळा धरत नाही. मॉडेलवर टोकदार पट्ट्यांचा झुबका नाळेशी गोळा झालेला दिसला की ओळखावं, मोजमाप झालेलं नाही. पिछाडीकडे याच्या उलट होतं, अंतर वाढतं. तिथे मध्ये एखादी पाचरीसारखी जादा पट्टी घालावी लागते.

कीललगतच्या पहिल्या पट्टीबद्दल वेगळं सांगतो. ती नाळेशी वर चढू देऊ नका. जितकी वर जाईल तितकी वरच्या सगळ्या पट्ट्यांना जागा कमी पडेल आणि त्या आणखी मुरडतील. ती खाचेत जवळजवळ सरळ पुढे जाऊन, नाळेचा खांब वर वळायला लागतो त्याच्या सुमारास संपायला हवी. पिछाडीला मात्र ती पूर्ण रुंदीची ठेवा. ही एक पट्टी नीट बसली की नाळेशी होणारा बराच गोंधळ टळतो.

रुंदीच्या दिशेने वाकवायला पट्टी थोडी ओलसर करा, टेबलावर आडवी ठेवून एक टोक क्लॅम्पमध्ये धरा, दुसरं टोक हवं त्यापेक्षा जरा जास्त वळवून धरा आणि मधल्या वळणावर धातूची पट्टी दाबून ती उचलू देऊ नका. मग गरम इस्त्री किंवा हेअर ड्रायर फिरवा. लाकूड उष्णतेने वळतं, पाणी फक्त मदतीला. क्लॅम्पमध्येच थंड होऊ द्या. सोडल्यावर ती थोडी मागे येईल, म्हणून तर जास्त वळवली. नाळेचं वळण फारच आवळ असेल, तर रुंद फळीतून वक्र आकाराची पट्टी कापून काढा. यात लाकूड वाया जातं, पण बसणी सगळ्यात सुरेख मिळते. तयार पट्टी सांगाड्यावर, बोटाने हलकं दाबून, आपणहून बसायला हवी. जोर लावावा लागत असेल तर गोंदाला हात लावू नका, पट्टी परत टेबलावर न्या.

एका बाजूला पट्टी लावली की दुसऱ्या बाजूला लावा. एकच बाजू भरत गेलात तर सांगाडा पिळतो. गोंद लाकडाचा पांढराच बरा, सरकवायला वेळ मिळतो. सुपरग्लू फक्त टोकाला ठिपक्यापुरता, कारण तो लाकडात मुरला की डाग पडतो आणि त्यावर पॉलिश धरत नाही. बहुतेक किटमध्ये दोन थर असतात: आत स्वस्त लाकडाचा जाड थर, बाहेर पातळ सुबक थर. पहिल्या थरावर फटी भरा, घासा, पुन्हा भरा. पण हे सगळं मोजमाप पहिल्या थरालाही करा, त्यावरच दुसऱ्याचा सराव होतो.

आणि एक बारकावा, जो किटं टाळतात. खऱ्या जहाजावर नाळेपासून पिछाडीपर्यंत अखंड फळी नसे. २०-२५ फुटांचे तुकडे टोकाला टोक लावून बसवत, आणि एकाच फ्रेमवर दोन सांधे येणार असतील तर मध्ये निदान तीन अखंड फळ्या ठेवत, म्हणजे कमकुवत जागा एका ओळीत येत नसे. तळाला तांबं लावायचं असेल तर खालचे सांधे झाकले जातील. बाकी ठिकाणी हा नियम पाळा.

तोफांचे झरोके ही हलचीच बाब आहे. वरची-खालची कड डेकच्या वळणाला धरून जाते, उभ्या कडा मात्र पाण्याच्या रेषेला काटकोनात असतात, बाजूच्या वक्रतेला नव्हेत. म्हणजे झरोका किंचित तिरपा चौकोन असतो. जाड फळ्यांचा पट्टा डेकपेक्षा जास्त वर वळतो, त्यामुळे काही झरोके त्या पट्ट्याला छेदतात. ते तसंच असायला हवं. दोन मजले असतील तर वरच्या मजल्याचा झरोका खालच्या दोघांच्या मधल्या जागेवर येतो. सगळ्या झरोक्यांची रेषा डेकवरून मोजून आधी आखून घ्या, एकेक कापत पुढे जाऊ नका.

लाकूड. किटमधला अक्रोड चांगला असला तरी त्याची छिद्रं मोठी असतात, १:६४ ला ती खड्ड्यांसारखी दिसतात. ओक तर त्याहून वाईट: खरं जहाज ओकचं होतं म्हणून मॉडेलही ओकचं, हा विचार आकर्षक वाटतो, पण ओकचे रेषे काही लहान होत नाहीत. सागाचंही तसंच, शिवाय त्यातल्या तेलामुळे गोंद धरायला त्रास देतो. पेअर, बॉक्सवूड, चेरी, मेपल ही बारीक पोताची लाकडं बाहेरच्या थराला उत्तम. डेकला फिकट मेपल किंवा हॉली. जुन्या नौदलाच्या मॉडेलांत पेअर आणि बॉक्सवूड भरपूर आहे, आणि तीनशे वर्षांनंतरही त्यांच्या कडा धारदार आहेत. आतल्या थराला लाइम किंवा बासवूड. वेगवेगळ्या लाकडांच्या नैसर्गिक रंगांतून काळा पट्टा, पिवळट बाजू, पांढरा डेक असं साधता आलं तर रंग लावायची गरजच पडत नाही. लावलात तर मॅट लावा, आणि काळा निव्वळ काळा न ठेवता थोडा करडा करा. लहान आकारात शुद्ध काळा डोळ्यात खुपतो. वरून लाख किंवा तेलाचा पातळ हात, चकाकी नको.

तांबं लावायचं ठरवलं तर पत्रा साधारण ४ फूट बाय १४ इंच, म्हणजे १:६४ ला १९ बाय ५.६ मिलिमीटर. ब्रिटिश ताफ्याला तांबं लागलं ते मुख्यतः १७८० च्या सुमारास, त्याआधीच्या सालचं जहाज असेल तर तळ पांढुरका ठेवा. पत्र्यावरचे खिळे उठावदार फोडांसारखे दाखवू नका. खऱ्या पत्र्यावर ते जवळजवळ सपाट असत.

डोलकाठ्या आणि परबाणं (शिडं टांगायच्या आडव्या काठ्या) लेथवर करण्यापेक्षा रंध्याने करा: चौकोनी काठी निमुळती करायची, मग आठ कोनांची, मग सोळा, मग गोल. रेषे सरळ असलेलं लाकूड निवडा, नाहीतर काठी दोरांच्या ताणाने वाकेल.

दोरकामात सगळ्यात मोठी फसगत एका मापात असते. जुन्या तक्त्यांत दोराचं माप घेराचं असतं, व्यासाचं नाही. मोठ्या जहाजाच्या मुख्य डोलकाठीला पुढून धरणारा दोर १८ इंचांचा लिहिलेला असेल, तर तो घेर आहे. व्यास ५.७ इंच, म्हणजे १:६४ ला २.३ मिलिमीटर. १८ इंच व्यास समजलात तर सात मिलिमीटरचा दांडका होईल. डोलकाठीवर चढायच्या दोरशिडीच्या आडव्या दोऱ्या दीड इंच घेराच्या, म्हणजे ०.२ मिलिमीटरपेक्षा किंचित कमी, आणि त्यांच्यातलं अंतर सुमारे १३ इंच, म्हणजे ५ मिलिमीटर. किटमध्ये तीन जाडीचे दोरे असतात, तुम्हाला निदान आठ-दहा लागतील. दोरा पिळायचं साधं यंत्र घरी करता येतं. बहुतेक दोर उजव्या पिळाचे, नांगराचे जाड दोर मात्र तीन उजवे दोर उलटे पिळून केलेले, म्हणून डाव्या पिळाचे. कापसाच्या दोऱ्याला लव असते, तो टाळा. लिनन किंवा चांगला पॉलिएस्टर घ्या.

डोलकाठ्यांना धरून ठेवणारे कायमचे दोर डांबरलेले असत, म्हणून गडद तपकिरी-काळे. ओढायचे-सोडायचे दोर फिकट तागाच्या रंगाचे. पांढरा दोर जहाजावर नव्हताच.

डोलकाठीला बाजूंनी धरणारे दोर जोडीजोडीने चढवतात: आधी उजवीकडची पुढची जोडी, मग डावीकडची पुढची, मग आलटून पालटून. प्रत्येक जोडीनंतर समोरून पाहा, काठी सरळ आहे का. हे दोर ताणून धरणाऱ्या तीन भोकांच्या लाकडी चकत्या एका रेषेत यायला हव्यात. त्यासाठी तारेचा एकाच लांबीचा आकडा करून खालच्या आणि वरच्या चकतीत तात्पुरता अडकवा आणि मग दोर बांधा. आडव्या दोऱ्या मधल्या दोरांना गाठीने आणि कडेच्या दोन दोरांना टोक शिवून बांधतात. त्या बांधताना उभे दोर आत ओढले जातात आणि मध्ये कंबर तयार होते. मागे आखलेला कागद लावा आणि एका टोकाकडून दुसरीकडे न जाता मधूनमधून काही बांधून ठेवा. परबाणांवरच्या सगळ्या कप्प्या परबाण टेबलावर असतानाच बांधा. वर चढवल्यावर बोटं पोहोचत नाहीत. दोरांची वेटोळी वेगळी करून, पातळ गोंदात भिजवून, खिळ्याला टांगून वाळवा, म्हणजे ती वजन असल्यासारखी खाली लोंबतात. शिडं पूर्ण उघडी करू नका, कापडाची वीण कधीच प्रमाणात येत नाही. गुंडाळलेली दाखवायची तर पातळ कागद घ्या आणि खऱ्या शिडाच्या एक तृतीयांश उंचीचाच घ्या, नाहीतर परबाणावर गादी बांधल्यासारखी दिसते.

शेवटी काचपेटी. धूळ दोरांत एकदा बसली की निघत नाही, म्हणून पेटी हवीच. पण किटमधल्या तोफा, नांगर, मूर्ती शिशाच्या असतील तर सावध राहा. ओक, प्लायवूड, एमडीएफ आणि काही गोंद यांतून आम्लाची वाफ सुटते. घट्ट बंद पेटीत ती साचते आणि शिशावर पांढरी भुकटी धरू लागते. रंग लावला म्हणून ती थांबत नाही, भाग आतून फुगून चुरा होतो. शक्य तिथे शिशाऐवजी पितळ किंवा शिसंविरहित कथलाच्या मिश्रधातूचे भाग घ्या. पेटीचा तळ ओकचा करू नका, आणि तळाशी व वर हवा खेळायला न दिसणारी भोकं ठेवा, बारीक जाळी लावून. पेटी उन्हात किंवा बाहेरून उन्हाचा मारा होणाऱ्या भिंतीला लागून नको, कारण लाकूड आणि दोरे दोन्ही हवेच्या बदलाबरोबर ताणले-सैलावले जातात, आणि आधी तुटतो तो नेहमी सगळ्यात बारीक दोर.